‘वय झालं’ म्हणण्याआधी आप्पांचे कान तपासा

पत्र साताऱ्यातल्या गोडोलीहून आलं आहे. थोडं आटोपशीर करून देते.

‘नमस्कार. मी ४६ वर्षांची. घरात आम्ही चौघं. सासरे ७१ वर्षांचे, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. मूळचे माण तालुक्यातले, एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. घर माळकरी. सासूबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या आणि आप्पा पार बदलले. सासूबाई होत्या तोवर हे एवढं जाणवलं नाही. आता आपणहून बोलत नाहीत, विचारलं तर भलतंच उत्तर देतात. टीव्ही इतका मोठा लावतात की शेजारी येऊन सांगतात. आपण जरा आवाज चढवला की “ओरडतेस कशाला?” म्हणतात. इतक्या वर्षांचं भजन सोडलं. परवा जेवताना मी म्हटलं, “सात वाजले.” तर म्हणाले, “कुणाचा हात भाजला?” मुलगा फिसकन हसला. आप्पा ताटावरून उठले. रात्री म्हणाले, “आता बोलावणं आलं तर बरं.”

मुलगा दहावीत आहे. रात्री एक-दीडपर्यंत जागा असतो आणि सकाळी साडेसहाच्या क्लासला उठता उठत नाही. आप्पा त्याला ऐकवतात, “तुझ्याएवढे होतो तेव्हा आम्ही दुष्काळी कामावर खडी फोडली.” दोघांचं बोलणं बंद आहे. ह्यांना गेल्या महिन्यात शुगर निघाली. वय ४८, एमआयडीसीत नोकरी, अंगानं काडी, गोडाचा नाद नाही, तरी निघाली. तेव्हापासून तेही गप्प. नणंद म्हणते, वय झालं की माणूस असंच करतं. जाऊबाई म्हणतात, आप्पांना विसरायला होतंय, मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा. क्लासचे सर म्हणतात, मुलाचं समुपदेशन करा. मी कुणाचं ऐकू आणि सुरुवात कुणापासून करू? एक बरं आहे, शेजारच्यांचा मिक्सर बिघडला की आप्पा तो उघडून बसतात आणि तेवढा वेळ अगदी पूर्वीसारखे असतात. मी ठीक आहे. फक्त रात्री तीनला घामानं जाग येते आणि मग झोप लागत नाही.’

ताई, सुरुवात आप्पांच्या कानांपासून करा. मेंदूचे डॉक्टर, समुपदेशक, सगळे नंतर.

तुम्ही लिहिलेली एकेक खूण तिकडेच बोट दाखवते. आप्पांचं उभं आयुष्य वर्कशॉपमध्ये गेलं. इंजिनांची घरघर, पत्र्यावर पडणारे हातोडे, दिवसभर चालणारा कॉम्प्रेसर. अशा आवाजात वर्षानुवर्षं काम केलं की कानाच्या आतल्या बारीक पेशी मरतात, आणि त्या पुन्हा येत नाहीत. त्यात वयाची भर पडते. दोन्ही कारणांनी आधी जातात ते उंच पट्टीचे आवाज. बोलण्यातले स्वर खालच्या पट्टीतले आणि दमदार असतात, ते ऐकू येत राहतात. स, श, फ, त, क ही व्यंजनं उंच आणि क्षीण, ती गळतात. म्हणून अशा माणसाला कुणीतरी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. ‘सात वाजले’चं ‘हात भाजला’ होतं ते असं. बायकांचा आवाज मुळातच वरच्या पट्टीचा, म्हणजे तुमचं बोलणं त्यांना सगळ्यात अवघड. तुमच्या मिस्टरांचं त्यातल्या त्यात बरं कळत असेल. बघा विचारून.

‘ओरडतेस कशाला’ हा स्वभावाचा तिरसटपणा समजू नका. असा कान हळू आवाज पकडत नाही, पण आवाज थोडा चढला की तोच एकदम कर्कश लागतो. ऐकू न येणं आणि सहन न होणं यांच्यामधली पट्टीच अरुंद होते. टाळांच्या गजरात बसणं अशा माणसाला किती त्रासाचं होत असेल! भजन सोडण्यामागे मला तरी हेच कारण आधी दिसतं, भक्ती आटल्याचं नाही.

आणि सासूबाई. ‘होत्या तोवर हे एवढं जाणवलं नाही,’ असं तुम्ही सहज लिहून गेलात, पण मला त्या वाक्यातच सगळं दिसलं. आठवून पाहा. कुणी काही बोललं की त्या शेजारी बसून तेच पुन्हा सांगायच्या का? “अहो, ते भाड्याचं विचारतायत.” पाहुणा आला की संभाषण त्याच पुढं न्यायच्या का? बऱ्याच घरांत बायको नवऱ्याचे कान होऊन जाते आणि ते त्या दोघांनाही कळत नाही. आप्पांची बायको गेली आणि त्याच दिवशी त्यांची ऐकण्याची सोयही गेली. बहिरेपण आधीचंच होतं, उघडं मात्र त्या गेल्यावर पडलं. आता यात शरीर कुठलं आणि मन कुठलं, हे सुटं करून दाखवता येईल का?

जाऊबाईंची भीती चुकीची नाही, तिचा क्रम चुकलाय. जे नीट ऐकूच आलं नाही ते लक्षात राहणार कसं? शिवाय अर्धवट शब्द जोडून अर्थ लावण्यातच डोकं दमतं, ध्यानात ठेवायला ताकद उरत नाही. स्मृतिभ्रंशावर लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाचा २०२४चा अहवाल आहे. ज्यांवर काही इलाज करता येतो अशी १४ कारणं त्यात दिली आहेत आणि कमी ऐकू येणं हे त्यांतलं एक आहे. म्हणून कान आधी. त्याच खेपेला रक्तातलं बी१२ हे जीवनसत्त्व आणि थायरॉइड तपासून घ्या. घर माळकरी आहे, मांस-मासे-अंडी नाहीत, आणि वाढत्या वयात पोट बी१२ नीट शोषत नाही. त्याच्या कमतरतेनं माणूस सुस्त, विसराळू, उदास होऊ शकतो, आणि ती गोळ्या-इंजेक्शनांनी भरून काढता येते. हे सगळं करूनही विसरणं वाढतच राहिलं, ओळखीचा रस्ता चुकायला लागले, तर मग जाऊबाई म्हणतात तसं जरूर करा.

तुमच्या नणंदेचं ‘वय झालं की असंच’ मला मान्य नाही. वय हे निदान नव्हे. विकास म्हणजे बाळ पालथं पडणं, बोलणं, शाळेत जाणं, आणि १८-२० नंतर सगळा उतार, असं आपण धरून चालतो. पॉल बाल्टेस (१९३९–२००६) नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञानं आयुष्यभर याच्या उलट मांडणी केली. माणूस गर्भापासून शेवटच्या श्वासापर्यंत घडत असतो आणि कुठल्याही वयात काही मिळत असतं, काही जात असतं. म्हातारपणी जाणाऱ्याचं पारडं जड होतं, पण मिळणारं शून्यावर येत नाही. १९९०च्या सुमारास बर्लिनमध्ये त्यांच्या पुढाकारानं ७० पासून शंभरीपार गेलेल्या ५१६ जणांचा अभ्यास झाला. त्याची खासियत अशी की एकाच माणसाला फिजिशियन, मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि समाजशास्त्रज्ञ अशा सगळ्यांनी पाहिलं. हाडं किती घट्ट इथपासून घरात कोण कोण आहे इथपर्यंत. त्या अभ्यासात बुद्धीच्या चाचण्यांतली घसरण नजर आणि कान यांच्याशी फार घट्ट जोडलेली निघाली. एकट्या मानसशास्त्रज्ञानं कान मोजले नसते आणि एकट्या कानाच्या डॉक्टरांनी बुद्धी मोजली नसती. आपल्याकडेही मुंबईच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेनं २०१७-१८ मध्ये ४५ वर्षांवरच्या ७२ हजारांहून जास्त लोकांची अशी पाहणी केली. मुठीची ताकद, फुप्फुसं, जमीन-जुमला, कमाई, मन, सगळं एकत्र.

बाल्टेस एक उदाहरण द्यायचे. आर्थर रुबिनस्टाइन हे थोर पियानोवादक. ऐंशीच्या घरातही इतकं सुरेख कसं वाजवता, असं त्यांना विचारलं गेलं. ते म्हणाले, मी आता कमी रचना वाजवतो, त्यांचाच जास्त रियाज करतो, आणि द्रुत जागा येण्याआधी लय मुद्दाम थोडी उतरवतो, म्हणजे पुढचा भाग आहे त्याहून वेगवान वाटतो. निवड करायची, निवडलेलं घोटायचं, आणि गेलेल्याची भरपाई दुसरीकडून करायची. आप्पांचं मिक्सर उघडून बसणं मला त्याच जातीचं वाटतं. नव्या गोष्टी झटपट पकडण्याचा वेग विशीनंतर हळूहळू उतरतो, पण कामातून साठलेलं ज्ञान साठी-सत्तरीपर्यंत टिकतं. मोटरचा जळका वास आला की आतलं काय गेलं हे त्यांना अजून कळतं. ते शाबूत आहे, त्याला काम मिळू द्या.

आता खडी फोडण्याबद्दल. आप्पा ७१ वर्षांचे, म्हणजे ७२च्या दुष्काळात १८ वर्षांच्या आसपास. माण तालुका त्या दुष्काळात किती होरपळला ते तुम्ही घरात ऐकलंच असेल. १९७३च्या मे महिन्यात महाराष्ट्रातले जवळजवळ ५० लाख लोक दुष्काळी कामांवर होते. मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या भाकरी, सुकडी, नालाबांध, खडी. ‘तुझ्याएवढे’ म्हणताना त्यांनी दोन-तीन वर्षं कमी धरली असतील, पण गोष्ट खरी आहे. ग्लेन एल्डर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं १९३०च्या महामंदीत वाढलेल्या मुलांच्या आयुष्याचा मागोवा घेतला. एकच संकट, पण ते कुठल्या वयात गाठतं त्यावर माणूस वेगळा घडतो, असं त्याला दिसलं. मंदी आली तेव्हा जे अगदी लहान होते त्यांना, विशेषतः मुलग्यांना, ती जास्त जड गेली. जे किशोरवयात होते त्यांच्या अंगावर घरची कामं पडली, बाहेर चार पैसे मिळवावे लागले, आणि आपल्यावाचून घराचं अडतं हे त्यांना कळलं. त्यांतले बरेच पुढे खंबीर निघाले. आप्पा या दुसऱ्या गटातले. ‘खडी फोडली’ म्हणताना ते नातवाला हिणवतात असं ऐकणाऱ्याला वाटतं. मला त्यात, मी कामाचा होतो, हे सांगणं ऐकू येतं. आज ते घरात कुणाच्या कामाचे आहेत?

तुमच्या लेकाचं ७२ म्हणजे २०२०. दहा वर्षांचा असताना त्याची शाळा बंद झाली. ज्या वयात पोरं मैदानावर भांडतात, कट्टी-बट्टी करतात, त्या वयात तो फोनच्या चौकोनात बसला. त्या दोन वर्षांत त्याच्यावर काही पडलं असेल तर ते नुसतं सांभाळून घेणं, जबाबदारी अशी काही नाही. आजही त्याच्याकडून घराला हवंय काय? टक्के. त्याच्यावाचून अडेल असं एखादं खरं काम त्याच्या वाट्याला येऊ द्या, दहावी असली तरी. गॅसचं बुकिंग असो, आप्पांच्या मोबाइलचं काम असो. पण ‘आप्पांकडून मिक्सर शीक’ असं फर्मान मात्र काढू नका. त्या क्षणी दोघंही पाठ फिरवतील. पान्ह्यांची पेटी ओट्याखालून काढून पुढच्या खोलीत दिसेल अशी ठेवा, बस्स.

त्याच्या झोपेचं निम्मं कारण फोन आणि निम्मं शरीर आहे. पौगंडावस्थेत झोप आणणारं मेलाटोनिन हे संप्रेरक रात्री उशिरा स्रवायला लागतं. दहाला डोळे मिटत नाहीत हा त्याचा उद्धटपणा नाही. १३ ते १८ या वयाला आठ ते दहा तास झोप लागते. दीडला झोपून साडेसहाच्या क्लासला जाणाऱ्याला ती पाच तासही मिळत नाही, आणि अपुऱ्या झोपेचं पोर चिडकं, हसू नये तिथे हसणारं, पाठ केलेलं विसरणारं होतं. सकाळचा क्लास बदलून संध्याकाळचा मिळतो का ते विचारा. साताऱ्यात क्लासना तोटा नाही. फोन रात्री साडेदहाला बाहेरच्या खोलीत, आणि हा नियम घरातल्या चारही फोनना. सरांनी सुचवलेल्या समुपदेशनाला मी नाही म्हणत नाही. महिनाभर नीट झोपूनही तो असाच राहिला, मित्र तोडले, जेवण सुटलं, तर जरूर न्या.

मिस्टरांना एक सांगा, कारण मला वाटतं ते मनातून लाजलेत. काडीसारख्या माणसाला शुगर होणं हे आपल्या देशात नवल नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये दोघांचा एकत्र फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन सांगणारा आकडा, अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. बाहेरून सडपातळ, आतून चरबी. आणि हे जन्मापासूनचं आहे. याज्ञिकांच्या गटानं १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांत गरोदर बायांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची. आपल्या बाळांत स्नायू कमी होते, पण चरबी त्या मानानं राखलेली होती. म्हणजे अठ्ठेचाळिसाव्या वर्षी निघालेल्या शुगरची मुळं आईच्या पोटात असताना तिला काय मिळालं इथपर्यंत जातात. हे कळलं की स्वतःला दोष देणं थांबतं आणि रोजचं चालणं, थोडी वजनं उचलणं, ताटात भाकरी-भात कमी आणि डाळी-कडधान्यं जास्त, हे करायला माणूस मोकळा होतो. मेटफॉर्मिन हे शुगरचं औषध सुरू झालं असेल तर त्यांचंही बी१२ अधूनमधून बघा, त्या औषधानं ते कमी होऊ शकतं.

‘बोलावणं आलं तर बरं’ हे आपल्याकडे म्हातारी माणसं सहज बोलतात म्हणून सोडून देऊ नका. जेवण कमी झालंय का? पहाटे फार लवकर जाग येते का? आवडीचं म्हणून काहीच उरलं नाही का? मिक्सरवर अजून मन लागतंय ही चांगली खूण आहे. तरी एकदा शेजारी बसून सरळ विचारा, “आप्पा, जगू नये असं वाटतं का?” विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ असेल तर मानसोपचारतज्ज्ञांकडे त्याच आठवड्यात न्या आणि तोवर त्यांना एकटं ठेवू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा फुकट नंबर दिवसरात्र चालतो, मराठीतही बोलता येतं.

कानाची तपासणी कशी करायची? कान-नाक-घसा तज्ज्ञ आधी मळ आहे का ते बघतील. कधीकधी निम्मा त्रास तेवढ्यानं जातो. मग ऑडिओमेट्री, म्हणजे कुठल्या पट्टीचा आवाज किती ऐकू येतो ते मोजणारी चाचणी. क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालयात आधी चौकशी करा. न्यायला तुम्ही जाऊ नका, त्यांच्या मुलाला पाठवा, आणि सांगताना ‘तुम्हाला ऐकू येत नाही’ असं म्हणू नका. ‘वर्कशॉपमध्ये काम केलेल्यांचे कान तपासून घ्यावे लागतात,’ म्हणा. ते खरंही आहे आणि त्यात त्यांच्या नोकरीचा मान राहतो. मशीन लागलं तर खर्च येईल. वय ६५च्या पुढे आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असेल तर मुख्यमंत्री वयोश्री योजनेत अशा साधनांसाठी ३,००० रुपये आहेत. तुम्ही त्यात बसत नसलात तरी ओळखीत कुणी बसत असेल, त्यांना सांगा.

मशीन आणल्या आणल्या आप्पा दोन दिवसांत ते काढून टेबलावर ठेवतील. भांड्यांचा, पंख्याचा, स्वतःच्या चपलांचाही आवाज अंगावर येतो, आणि त्याची सवय व्हायला मेंदूला काही आठवडे लागतात. सुरुवातीला घरात, शांत वेळी, तासभरच लावू दे. तुमचं बोलणं मात्र आजपासून बदला, त्याला मशीन लागत नाही. आधी हाक मारा, त्यांचं तोंड तुमच्याकडे वळलं की मग बोला. स्वयंपाकघरातून ओरडून सांगू नका. आवाज चढवू नका, तो थोडा खाली आणा आणि शब्द सावकाश सोडा. कळलं नाही तर तेच वाक्य पुन्हा न म्हणता दुसऱ्या शब्दांत सांगा. जेवताना टीव्ही बंद. आणि लेकाला एकट्यात सांगा, परवा आप्पा का उठले ते. स, श, त कसे गळतात हे त्याला विज्ञान म्हणून सांगा. कानांवर हात ठेवून स्वतः ऐकून पाहायला लावा. माफी मागायला लावू नका.

राहता राहिलात तुम्ही. पत्रात तिघांबद्दल भरभरून लिहिलंत आणि स्वतःबद्दल दोन ओळी, त्याही ‘मी ठीक आहे’ म्हणून. तीनला घामानं येणारी जाग ही बहुतेक पाळी जाण्याच्या आधीच्या काळाची खूण आहे. आपल्याकडे पाळी जाण्याचं सरासरी वय ४६-४७च्या आसपास आहे. संप्रेरकं वरखाली होतात, अंगातून वाफा येतात, झोप मोडते, चिडचिड होते. याला औषधं आहेत, उपाय आहेत. घरात एकाच वेळी एक वयात येतोय, एकाला शुगर निघालीय, एकाची जोडीदार गेलीय, आणि या तिघांना सांभाळणाऱ्या बाईचं शरीरही त्याच वेळी कूस बदलतंय. एकाची झोप मोडली की सकाळी चौघांचं बिनसतं, म्हणून तुमची झोप ही घरातली शेवटची गोष्ट नाही. आप्पांच्या कानाची वेळ घ्याल त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे तुमच्या नावानं वेळ घ्या. पाळीच्या तारखा, रात्री किती वाजता जाग येते, कधी फार रक्तस्राव झाला का, हे कागदावर लिहून न्या आणि हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी१२ तपासायला सांगा. त्या दिवशी डबे मिस्टर करतील.